घोंगडीचे केस, ब्लँकेटचे गोळे: लोकरीचं पांघरूण वर्षानुवर्षं टिकवायचं कसं

नवी घोंगडी घरात आली की आठवड्याच्या आत पहिली तक्रार येते. पांढऱ्या चादरीवर काळे केस, उशीच्या अभ्र्यावर केस, सकाळी चहाच्या कपातही एक केस. मेरिनो जातीच्या मेंढीच्या मऊ लोकरीचं ब्लँकेट आणणाऱ्यांची तक्रार वेगळी असते: महिनाभरात पायथ्याशी, जिथे टाचा घासतात तिथे, मुगाएवढे गोळे. दोघंही आधी दुकानदाराला नावं ठेवतात आणि मग एकच चूक करतात. पांघरूण उचलून वॉशिंग मशीनमध्ये टाकतात.

मीही केली आहे ती. गीझरचं गरम पाणी, रोजची पावडर आणि सोबतीला दोन टर्किश टॉवेल. बाहेर आलं ते ब्लँकेट निम्म्याहून थोडं मोठं, पुठ्ठ्यासारखं ताठ आणि टॉवेलची सगळी लव अंगाला चिकटलेलं होतं. एक कोपरा धरून उचललं तर अख्खं फळकुटासारखं उभं राहायचं. आता ते इस्त्रीच्या टेबलावर अंथरलेलं आहे, आणि तिथे उत्तम काम करतं.

आधी रोग ओळखा

केस गळणं आणि गोळे धरणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. त्यांची औषधंही वेगळी.

लोकरीच्या प्रत्येक तंतूवर छपरावरच्या कौलांसारखे एकावर एक बसलेले सूक्ष्म खवले असतात. पांघरूण कशाला तरी घासलं की धाग्यातून तंतूंची सुटी टोकं वर येतात, एकमेकांत अडकतात आणि वळत वळत त्यांचा गोळा होतो. तंतू जितका बारीक आणि आखूड, तितका तो लवकर वळतो. मेरिनोचा तंतू साधारण २४ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आतला, म्हणून मेरिनोवर गोळे येणारच. आपल्या माण, आटपाडी, जत, सांगोला या भागातल्या दख्खनी मेंढीची लोकर त्याहून कितीतरी जाड आणि राठ असते. ती सहजासहजी वळत नाही. मात्र तिच्यात काही केस इतके जाड आणि ठिसूळ असतात की धाग्याच्या पिळात ते नीट बसतच नाहीत. तेच निसटून तुमच्या चादरीवर येतात. थोडक्यात, घोंगडी गळते आणि मऊ ब्लँकेट गोळे धरतं. जावळाची घोंगडी, म्हणजे कोकराच्या पहिल्या कातरणीच्या लोकरीची, या दोहोंच्या मधली. ती अंगाला मऊ लागते, पण तिच्यावर बारीक गोळे दिसले तर फसवणूक झाली असं समजू नका.

तिसरा प्रकार मिश्र ब्लँकेटचा. शुद्ध लोकरीवरचे गोळे कालांतराने आपोआप झडतात, कारण त्यांना धरून ठेवणारा तंतूच कमकुवत असतो. त्यात पॉलिएस्टर किंवा ॲक्रिलिक मिसळलेलं असेल तर तो चिवट तंतू गोळ्याला मुळासारखा धरून ठेवतो. असे गोळे काढल्याशिवाय जात नाहीत. पानिपतला जुने लोकरी कपडे पिंजून, त्याच लोकरीची पुन्हा सूतकताई करून जी स्वस्त करडी कांबळी बनतात, त्यांचे तंतू पिंजतानाच तुटून आखूड झालेले असतात. ती गळतात, गोळेही धरतात, आणि त्यावर कायमचा उपाय नाही. संकटकाळात वाटायला ती ठीक आहेत. रोज अंगावर घ्यायला विकत घेताना मात्र दोनदा विचार करा.

आपलं पांघरूण यातलं कोणतं, हे कळत नसेल तर कडेचे चार-पाच तंतू उपटा, चिमट्यात धरा आणि पाण्याच्या वाटीवर पेटवा. खिडकी उघडी ठेवा. लोकर रेंगाळत जळते, ज्योत काढली की बहुतेक वेळा विझते, केस जळाल्याचा वास येतो आणि उरलेली काजळी बोटात चुरडली जाते. कृत्रिम तंतू वितळतो आणि त्याचा कडक मणी होतो. दोन्ही खुणा दिसल्या तर माल मिश्र आहे. बाजारात ‘मिंक ब्लँकेट’ म्हणून मिळतं ते बहुतेक वेळा नुसतं पॉलिएस्टर असतं. या लेखातलं बरंचसं त्याला लागू नाही.

विकत घेतानाच करायची एक परीक्षा आहे. कडेचा सुटा धागा दोन चिमटींत धरून हलकेच ओढा. जरा ओढताच कापसाच्या पेळूसारखा तुटला, तर पिळ कमी आहे आणि ते पांघरूण गळणार. मग कोरड्या तळव्याने एकाच जागी दहा वेळा जोरात घासा. हाताला पाच-सात केस लागले तर हरकत नाही. लवेचा पुंजका जमला तर परत घडी करून ठेवा आणि दुसरं बघा.

नव्या घोंगडीचा पहिला महिना

घोंगडी मागावरून येते तेव्हा तिच्या ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, खळ असते. चिंचोके दळून, शिजवून केलेली ही खळ कुंच्याने ताण्याला लावतात, म्हणजे विणताना धागे तुटत नाहीत. नवी घोंगडी ताठ असते ती यामुळेच. झटकल्यावर पिठासारखी धूळ उडते, ती बहुतेक खळच असते. लोक तिलाच ‘घोंगडी झडतेय’ म्हणतात. ही खळ तंतूंना धाग्याशी धरूनही ठेवते, म्हणून माझं मत असं की नवी घोंगडी आणल्या आणल्या धुऊ नये. पहिला हिवाळा तशीच वापरावी. उग्र वासाचं म्हणाल, तर चार दिवस वाऱ्यावर टाकली की बराचसा जातो.

पहिल्या दिवशी घोंगडी सावलीत खाटेवर किंवा जाड बांबूवर पसरा. बारीक दोरीवर नको, दोरीची घडी पडते आणि त्याच रेषेवर ती पुढे झिजते. दोन दिवस वारा लागू द्या.

मग झटका. हे काम दोघांचं. समोरासमोर उभं राहून दोन-दोन कोपरे धरायचे, घोंगडी मध्ये सैल सोडायची आणि एकाच वेळी ताणायची. ‘फट्’ असा आवाज आला पाहिजे. दोघांचा ताल जमला नाही तर नुसती फडफड होते, केस जागचे हलत नाहीत. दहा-बारा झटके देऊन घोंगडी उलटी करा आणि पुन्हा तेवढेच द्या. हे अंगणात किंवा गच्चीवर करा आणि वारा तुमच्या पाठीकडून येतोय ना ते बघा, नाहीतर सगळं तुमच्याच नाकातोंडात. एकटे असाल तर बांबूवर टाकून वेताच्या छडीने हलके फटके मारा. कपडे धुवायचं धोपाटणं वापरू नका.

झटकून झाल्यावर भांडी घासायचा रबरी हातमोजा घाला, पाण्यात बुडवून निथळू द्या आणि घोंगडीच्या लांबीच्या दिशेने, एकाच बाजूकडे, हात फिरवत या. सुटे केस मोज्याला गोळा होतात. खालीवर चोळू नका. चोळलं की पक्के तंतूही उखडतात. केस काढायला मी ब्रश, कंगवा, चिकटपट्टीचा रोलर सगळं वापरून पाहिलं आहे. चिकटपट्टी राठ लोकरीतून नको तेही उपटून काढते. ओल्या मोज्याइतकं सोपं आणि निरुपद्रवी दुसरं काही सापडलं नाही.

हे आठवड्यातून एकदा, चार-पाच आठवडे करा. गळणं पूर्ण थांबत नाही, पण चहाच्या कपापर्यंत पोचत नाही.

आणि तिला सुती अस्तर लावा. जुनं लुगडं किंवा धुऊन मऊ झालेलं धोतर घोंगडीच्या मापाचं करून, अंगाकडच्या बाजूला कडेकडेने सैल धावदोऱ्याने टाचायचं. टाके बोटभर लांबीचे असू द्या, म्हणजे महिन्याला उसवून अस्तर तेवढं धुता येतं. याचे तीन फायदे: केस अंथरुणावर येत नाहीत, घाम लोकरीपर्यंत पोचत नाही आणि ‘टोचते’ म्हणून कपाटात गेलेली घोंगडी पुन्हा वापरात येते. मऊ ब्लँकेटलाही हाच नियम, तिथे दुलईसारखी सुती खोळ शिवली तरी चालेल.

घोंगडीच्या दोन्ही टोकांच्या दशा एकदा तपासा. गाठ सुटलेली असेल तर लगेच मारा. तिथून आडवे धागे निसटायला लागले की वीतभर विण उसवायला वेळ लागत नाही.

गोळे येतात ते घासण्यामुळे

ब्लँकेटवर गोळे कुठे आलेत ते नीट पाहा, त्यावरूनच कारण कळतं. पायथ्याशी आले असतील तर भेगाळलेल्या टाचा; मोजे घालून झोपा. वरच्या कडेला आले असतील तर दाढीचे खुंट. मधोमध आले असतील तर बहुधा वर दुसरं फ्लीसचं पांघरूण घेतलेलं असतं आणि रात्रभर दोन्ही एकमेकांवर घासत असतात. सोफ्यावर टाकलेल्या ब्लँकेटला खरखरीत कापड, बॅगेचं व्हेलक्रो आणि मांजराची नखं हे तीन शत्रू. घासणं पूर्ण टाळता येत नाही, पण दर पंधरा दिवसांनी पायथा उशाकडे आणि वरची बाजू खाली केली तर एकाच जागेचा बळी जात नाही.

आलेले गोळे हाताने ओढू नका. गोळ्याखाली तंतूंचा देठ असतो. तो ओढला की आतून नवा तंतू वर येतो आणि आठ दिवसांत तिथेच दुसरा गोळा तयार होतो. ओढायचा नाही, छाटायचा.

ब्लँकेट पूर्ण कोरडं असू द्या. टेबलावर सपाट, सुरकुती न ठेवता पसरा आणि एका हाताने कापड हलकं ताणून धरा. बॅटरीवर चालणारं गोळे काढायचं मशीन मिळतं, ते कापडावर न दाबता, टेकवून न टेकवल्यासारखं, लहान गोलाकार फिरवा. त्याचं पोट दर दोन-तीन मिनिटांनी रिकामं करा; भरलं की पाती कापायच्या ऐवजी ओढायला लागतात. मशीन नसेल तर गोळे कापायचा छोटा कंगवा मिळतो, तो एकाच दिशेने ओढा. दाढीचं ब्लेड वापरणारे लोक मला माहीत आहेत. त्यातल्या निम्म्यांच्या ब्लँकेटला भोक आहे.

दर वेळी छाटताना थोडी लोकर जातेच, म्हणून हे हंगामात एकदा-दोनदा पुरे. नव्या मेरिनोवर पहिल्या दोन-तीन महिन्यांत सर्वांत जास्त गोळे येतात, कारण वरवरचे आखूड तंतू त्या काळात बाहेर पडत असतात. ते संपले की वेग कमी होतो. तेवढा धीर धरा. घोंगडीवर मात्र हे मशीन फिरवू नका, राठ केसांत पाती अडकतात.

धुणं: वर्षातून एकदा, तेही लागलं तर

लोकर आपल्या वजनाच्या ३० टक्क्यांपर्यंत बाष्प ओलसर न वाटता शोषते आणि वाऱ्यावर टाकली की सोडून देते. म्हणून रात्रीच्या पांघरुणाला सुती चादरीसारखी आठवड्याला धुण्याची गरज नसते. चहा सांडला तर तेवढा भाग कोरड्या फडक्याने टिपा, मग थंड पाण्यात पिळलेल्या फडक्याने टिपा. चोळू नका. वास आला असेल तर एक दिवस सावलीतला वारा.

सबंध धुवायची वेळ आली तर हंगाम निवडा. फाल्गुन-चैत्रात थंडी संपल्यावर आणि पांघरुणं ठेवून देण्याआधी धुणं उत्तम, कारण हवा कोरडी असते. चुकलंच तर ऑक्टोबरच्या उन्हात. पावसाळ्यात आणि कोकणच्या दमट हवेत जाड घोंगडी चार-चार दिवस वाळत नाही आणि मग कुबट वास बसतो.

मोठा टब घ्या, पाणी थंड किंवा जेमतेम कोमट, हात घातला तर गरम लागता कामा नये. त्यात लोकरीसाठीचं द्रव साबण बाटलीवर सांगितलेल्या मापात, किंवा रिठ्याचं गाळलेलं पाणी फेस येईपर्यंत घाला. रिठा गडद घोंगडीला फार चांगला. पांढऱ्या ब्लँकेटला त्याची पिवळसर झाक लागू शकते. रोजची पावडर नको. ती अल्कधर्मी असते आणि बऱ्याच पावडरींमध्ये प्रथिनांचे डाग पचवणारी एन्झाइम्स असतात. लोकर स्वतःच एक प्रथिन आहे. ब्लीचचं तर नावच नको, क्लोरीनच्या ब्लीचमध्ये लोकर अक्षरशः विरघळते. कपडे मऊ करणारं कंडिशनरही टाळा, त्याने तंतू निसरडे होऊन धाग्यातून आणखी बाहेर येतात.

साबण पाण्यात पूर्ण मिसळल्यावरच पांघरूण आत सोडा. दहा मिनिटं, जास्तीत जास्त पंधरा. काम लोंबकळत ठेवणाऱ्याला आपण ‘भिजत घोंगडं’ म्हणतो, पण खरं घोंगडंही भिजत ठेवू नये. ओल्या लोकरीची ताकद कमी होते, आणि जितका वेळ ती पाण्यात फुगून राहील तितके धागे सैल पडतात. या दहा मिनिटांत तळव्यांनी दाबायचं आणि सोडायचं, अगदी हलक्या हाताने. आपटणं, घासणं, पिळणं यातलं काही नाही. गरम पाणी आणि घुसळणं एकत्र आले की ते खवले एकमेकांत रुततात आणि परत सुटत नाहीत. माझं ब्लँकेट पुठ्ठा झालं ते असंच.

पाणी बदलताना टब तिरका करून पाणी ओतून द्या, पांघरूण दोन्ही हातांनी खालून आधार देऊन धरा. कोपरा धरून उचललं तर २ किलोची घोंगडी पाण्याच्या वजनाने लोंबते आणि कायमची वेडीवाकडी होते. तीन वेळा त्याच तापमानाच्या स्वच्छ पाण्यातून काढा. शेवटच्या पाण्यात दोन-तीन चमचे पांढरं व्हिनेगर घातलं तर राहिलेला साबण निघून जातो. पहिल्यांदा धुताना घोंगडीचं पाणी दाट, गढूळ निघेल आणि तळाशी केस दिसतील. खळ निघतेय, घाबरू नका. वाळल्यावर घोंगडी पहिल्यापेक्षा मऊ लागेल आणि त्यानंतर पुन्हा एक-दोन आठवडे केस गळतील. तेव्हा झटकणं आणि ओला मोजा यांचा जुना क्रम परत.

वाळवायला आधी पांघरूण जुन्या चादरीवर पसरा, दोन्ही मिळून वळकटी करा आणि तिच्यावरून गुडघ्यांनी दाबत जा. मग खाटेवर, सावलीत, आडवं. चार-पाच तासांनी उलटा. मशीनचा ड्रायर किंवा परदेशातला गरम टंबल ड्रायर, दोन्ही नको. मशीन वापरायचंच असेल तर ब्लँकेट जाळीच्या पिशवीत, लोकरीच्या थंड सायकलवर, एकटं; सोबतीला टॉवेल तर अजिबात नको. घोंगडी मशीनमध्ये घालूच नये.

गळतंय की कसर लागली?

एक शंका कायम मनात ठेवा. संपूर्ण पांघरुणातून थोडे थोडे केस येत असतील तर ते गळणं. एकाच जागी, विशेषतः घडीच्या आत, अचानक विरळ झालं असेल तर ती कसर, म्हणजे लोकर खाणारी कीड. खिडकीसमोर धरून उजेडात बघा. मोहरीएवढी भोकं, भोकांच्या कडेला रवाळ भुकटी किंवा तांदळाच्या दाण्याएवढी लोकरीचीच नळी दिसली तर शंका नको. उडणारा पतंग लोकर खात नाही, त्याची अळी खाते, आणि तिला अंधार, शांतता व घामाचे, दुधाचे डाग प्रिय असतात. म्हणूनच ठेवून देण्याआधी धुवायचं.

लागलेलीच असेल तर कडक उन्हात दोन तास, दोन्ही बाजूंनी, आणि शिवणी-दशा ब्रशने साफ करायच्या. छोटी शाल असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा, बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा. लगेच उघडली तर हवेतली वाफ शालीवर जमते.

ठेवताना पूर्ण कोरडी घोंगडी सैल घडी करून सुती कापडात गुंडाळा. प्लास्टिकची पिशवी नको, ओल आत कोंडते. घड्यांमध्ये वाळलेला कडुनिंबाचा पाला आणि वेखंडाचे तुकडे कापडाच्या पुरचुंडीत. हे अळीला दूर ठेवायला आहेत, आत असलेली मारायला नाहीत. ती आशा त्यांच्याकडून करू नका. डांबराच्या गोळ्या काम करतात, पण तान्ह्या बाळाच्या पांघरुणाजवळ त्या ठेवू नका, काही बाळांना त्या वाफेने रक्ताचा गंभीर त्रास होतो.

आणि श्रावणात एखादा दिवस उघडीप पडली की कपाट उघडा, सगळी घोंगडी-ब्लँकेटं बाहेर काढा, झटका आणि घडी वेगळ्या रेषेवर पाडून परत ठेवा.